हेडफोनच्या गाद्यांवरचे बाळकृष्ण

रायपूरच्या पुरानी बस्तीतले बारा बाळकृष्ण सध्या माझ्या हेडफोनच्या गाद्यांवर बसलेले आहेत.

मला जुने हेडफोन गोळा करून दुरुस्त करायचा नाद आहे. (माझी बायको मीना त्यांना भंगार म्हणते.) दोन वर्षं खपून मी एक मुका जर्मन हेडफोन बोलता केला होता. रविवारी तो ऐकायला नागपूरहून तीन शौकीन येणार होते. उरल्या होत्या फक्त कानांवरच्या गाद्या. जुन्यांचा पार भुगा झालेला. एखादी जोडी तरी मापाची निघेल म्हणून मखमली गाद्यांच्या सहा जोड्या मागवल्या.

शुक्रवारी नवा रायपुरातल्या ऑफिसातून घरी आलो, तर मीनाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलेलं आणि चेहरा कधी नव्हे तो प्रसन्न.

"सदर बाजारातून वाण आणा म्हणून तीनदा सांगितलं होतं. मले वाटलं, विसरलेच असान तुम्ही. पण दुपारी पार्सल आलं! साऱ्या जणी विचारून राहिल्या, मखमलीची आसनं कुठून आणली म्हणून."

(विसरलो होतो. तिन्ही वेळा.)

"कसली आसनं?"

"बाळकृष्णाची. अकरा वाटली, एक आपल्याले ठेवलं."

देव्हाऱ्यात आमचा बाळकृष्ण त्या गादीत ऐटीत बसला होता. मी हळूच हात पुढे केला.

"काहून हात लावून राहिले? ऑफिसातून आले तसेच?"

खरं सांगावं, तर वाण विसरल्याचं कबूल करावं लागणार. गप्प बसावं, तर रविवारी नाक कापलं जाणार. वैताग नुसता! शेजारच्या साहूदीदी आणि त्यांची जाऊ दोघींनाही वाण मिळालं होतं, म्हणजे त्या घरात अख्खी जोडी होती. तिथे गेलो.

"दीदी, वो आसन का जरा नाप देखना था."

"हव भैया, देख लो. पर दूर से. ठाकुरजी अभी सोए हैं."

परतलो तेव्हा हातात प्रसाद होता आणि राधेसाठी आणखी एका आसनाची ऑर्डर.

रविवारी नागपूरकर आले. हेडफोनला मी माझे राखाडी मोजे गुंडाळून शिवले होते. मोजे धुतलेले आहेत, हे तिघांनाही शपथेवर सांगितलं. पण चहा संपेपर्यंत ते "आधी तुम्ही" म्हणत एकमेकांना आग्रहच करत राहिले. शेवटी तिघांनी एकमताने सांगितलं, की हेडफोन दिसायला फार सुंदर आहे.