दादा हरला ती निवडणूक

माझा भाऊ आयुष्यात एकही निवडणूक हरला नाही, असं लोक सांगतात. सत्काराच्या सभेत उभा राहिलेला प्रत्येक जण हेच सांगतो. मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या, निशाण्या बदलल्या, पण विधानसभेतली त्याची जागा बदलली नाही. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी कोरडवाहू गावांना मिळावं म्हणून तो किती वर्षं भांडला, तेही सांगतात. एक गोष्ट मात्र सगळे हसून सांगतात, की प्रचारात तो कधीही ‘मला निवडून द्या’ असं म्हणाला नाही. लोकांना तो त्याचा नम्रपणा वाटतो. मी मागे बायकांत बसून ऐकते आणि गप्प राहते, कारण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण नम्रपणा वगैरे काही नाही. दादा निवडणूक हरला आहे. पहिलीच हरला आहे, आणि ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती कुणी मोजत नाही, कारण तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं, मतपेटी कुणी पाहिलेली नव्हती, आणि ती निवडणूक मातीच्या दोन गाडग्यांत झाली होती.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं. सकाळी निघून आखाडा बाळापूरचा बाजार करावा आणि दिवेलागणीच्या आत घरी यावं, एवढ्या अंतरावर. मी पाळण्यात असतानाच वडील गेले. शेत, बैल आणि आम्ही दोघं भावंडं, सगळं मायनं एकटीनं ओढलं. माय खमकी होती. ती कुणाला काही विचारायची नाही आणि तिला कुणी विचारलेलं खपायचं नाही. दादा थेट तिच्यावर गेला होता. हिंगोलीला राहून तो उर्दू शिकून आला, चार बुकं वाचून आला, पण मनात काय आहे ते ओठावर आणायला काही शिकून आला नाही. आमच्या घरात तिघं जण असत आणि दिवसदिवस फक्त भांड्यांचा आवाज असे.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं लेव्हीचं धान्य घ्यायचं. त्या साली ज्वारी बेताचीच आली होती, आणि लेव्हीच्या गाड्या आल्या तर पुढच्या पेरणीचं बियाणंही त्यांच्याबरोबर जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. बियाणं तरी सोडा, असं सांगायला गावातर्फे एकानं कळमनुरीच्या तहसिलीत जावं, असं ठरलं. पाटलांचं म्हणणं, त्यांच्या भावानं जावं. आजवर त्यांच्याच घरातलं कुणीतरी जात आलं होतं, आणि तिथं मान डोलावून परत येत आलं होतं. तरण्या लोकांचं म्हणणं, दादानं जावं, त्याला उर्दू येते आणि तो भीत नाही. वाद वाढला तेव्हा दादा चावडीवर म्हणाला, “गावालाच विचारा. आन् बायांनाबी विचारा.”

चावडी हसली. एक म्हातारा म्हणाला, “बाया काय सांगतील? कालवणात मीठ कमी हाय म्हणून?”

“कणगीत धान्य कोण भरतं? काढतं कोण? तुमाला तरी ठाव हाय का किती उरलं ते?” दादा अडून बसला. पाटील शेवटी हो म्हणाले. बाया नवऱ्याच्या शब्दाबाहेर जात नसतात, असा त्यांचा हिशोब असावा.

मारुतीच्या पारावर दोन गाडगी ठेवायची ठरली. दादाच्या गाडग्याला हळदीचं बोट, पाटलांच्या भावाच्या गाडग्याला चुन्याचं. प्रत्येकानं ज्वारीचा एक दाणा टाकायचा. पुरुषांनी सकाळी, बायांनी दुपारी. पुरुषांना चावडीवर सगळं समजावून झालं. बायांना कोण समजावणार? दादा जेवता जेवता मायला म्हणाला, “माय, दोघांतला एक निवडायचा हाय. बायांना तेवढं सांग.” एवढंच बोलला आणि हात धुऊन बाहेर गेला.

निवडणं हा शब्द दादानं शाळेतून आणला होता. आमच्याकडे तो सुपात राहत होता. सकाळी सूप मांडीवर घ्यायचं, दाणे पसरायचे आणि खडा, मातीचं ढेकूळ, किडका दाणा बोटांनी उचलून बाहेर टाकायचा. चांगल्या दाण्याला कुणी हातही लावत नाही. तो आपला सुपात राहतो.

माय दुपारी घरोघर गेली. मी तिच्याबरोबर होते. शेजारच्या काकूच्या ओसरीवर पाच-सहा जणी जमल्या होत्या.

“दोघं हायती. त्यातला एक निवडायचा,” माय म्हणाली.

काकूनं विचारलं, “म्हंजी नको तो?”

“मंग? निवडायला बसतीस तवा काय करतीस?”

“खडा काढून टाकते.”

“तेच करायचं. आता खडा कोणता, तेबी मीच सांगू का?”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कुणालाच दुसरं काही विचारायचं नव्हतं. मलाही नाही. मीही त्याच सुपापाशी वाढलेली पोरगी होते.

ठरलेल्या दिवशी बाया पारावर आल्या. माझं लग्न झालं होतं, पण पाठवणी व्हायची होती, त्यामुळे मला बायांत धरलं नाही आणि दाणाही दिला नाही. मी निंबाच्या मुळीवर बसून बघत होते. दादा पाराच्या कडेला उभा होता. सकाळच्या पुरुषांतले बरेचसे त्याच्या बाजूचे होते, तो खुशीत होता. बायांत सर्वांत पुढे माय. तिनं दाणा दोन बोटांच्या चिमटीत धरला होता, सुपातला खडा धरतात तसा. ती चुन्याच्या गाडग्यापाशी गेली, दाणा आत टाकला, आणि मान वर करून दादाकडे बघून हसली. माय सहसा हसायची नाही, म्हणून ते मला अजून आठवतं. मागून एकेक बाई आली आणि चुन्याच्या गाडग्यात दाणा टाकून गेली. दादाच्या तोंडाचा रंग उतरला. मला वाटलं, उन्हात उभा आहे म्हणून.

गाडगी फडक्यावर उलटी केली तेव्हा बाया घरी गेल्या होत्या. चुन्याच्या गाडग्याचा ढीग एवढा होता की मोजायची वेळच आली नाही. त्या ढिगाकडे बघून मी घरी पळत आले आणि मायला सांगितलं, दादाचं जमलं. माय नुसती हूं म्हणाली, पण त्या दिवशी तिनं भाकरीबरोबर तुपाची वाटी ठेवली. दादा जेवला नाही. सकाळी त्यानं गाठोडं बांधलं. मायला वाटलं, हा गावाच्या कामाला कळमनुरीला निघाला. तिनं फडक्यात भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, “जा. बराबर बोल.” दादानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गेला. त्या शब्दांचा त्यानं काय अर्थ लावला असेल, ते मी आजही स्वतःला विचारते.

चार दिवसांनी पाटलांचा भाऊ नवा पटका बांधून गाडीत बसला. आम्ही विहिरीवर होतो. काकू म्हणाली, “अगं, ह्याला तर आपण काढून टाकला. हा काहून चालला?” तिथं एक नवी सून होती, तिचा नवरा चावडीवर बसणारा. ती हळूच म्हणाली, “आमच्या घरी तर म्हणून राहिले, बायांनीच ह्याला निवडलं म्हणून.”

माय रिकामी घागर घेऊन घरी आली. ओसरीवर बसली आणि आधी चिडली. “माझा शब्द बराबर हाय,” म्हणाली. “निवडतात तो खडा. चावडीला बोलता येत न्हाई त्याला मी काय करू?” मग तिला एकदम रडू फुटलं. मायला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी तिच्याजवळ बसले, पण तिच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

पाटलांचा भाऊ परत आला. साहेब भला माणूस आहे, चहा पाजला, असं त्यानं सांगितलं. पुढच्या आठवड्यात गाड्या आल्या आणि बियाण्याची ज्वारी घेऊन गेल्या.

दादा काही परतला नाही. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, तिथं निजामाचं राज्य नाही. तो तिकडे गेला आणि निजामाविरुद्ध काम करणाऱ्या लोकांत राहिला, असं कळलं. इकडे त्याच्या नावाचं वॉरंट निघालं. मायचा जीव एकाच गोष्टीसाठी तुटत होता. गाव आपल्या विरोधात आहे असं समजून पोरगं गेलं, त्याला खरं कळलं पाहिजे आणि ते घरी आलं पाहिजे. आपला दाणा आणि आपलं हसणं पाहून त्यानं आपल्यालाही त्यातच धरलं असेल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आमच्या गावचा एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन नदीपलीकडे जायचा. मेंढरांना कुणी अडवत नव्हतं. मायनं त्याला निरोप दिला आणि त्याच्याकडून वदवून घेतला. “सांगा, माय म्हणती, गावानं तुला निवडलं न्हाई. मीबी न्हाई. आता घरी ये.” म्हाताऱ्यानं तो शब्दाला शब्द म्हणून दाखवला. आम्हा मायलेकींना तो निरोप अगदी सरळ वाटला. चावडी काहीही म्हणो, दादा आमच्याच सुपापाशी वाढलेला; तोही हा शब्द चावडीसारखा ऐकेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

धनगर पुढच्या फेरीला परतला. माय वेशीपर्यंत सामोरी गेली.

“भेटला?”

“भेटला. सांगितलं समदं.”

“मंग काय म्हणाला?”

“काईच न्हाई. मला पाणी दिलं आन् आत गेला.”

माय वाट बघत राहिली. माझी पाठवणी झाली, मी वसमतला सासरी गेले. मग ते वाईट दिवस आले, ज्यांत दार कुणी वाजवलं तर घरातली माणसं एकमेकांकडे बघत. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांचं नशीब.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. त्या दिवाळीला मी माहेरी आले होते आणि त्याच दिवाळीला दादा आला. पारावर गाव लोटलं. झेंडूचे हार पडले, त्यातला एक पाटलांच्या भावाचा होता. लोक म्हणाले, आता नवं राज्य, नवी कचेरी, आमच्या वतीनं तुमीच बोला. दादानं हात जोडले आणि म्हणाला, “मी ऱ्हायला आलो न्हाई. तिकडं शाळेत नोकरी धरली हाय. मायला भेटतो आन् सकाळी जातो.” त्याचं बोलणं आमच्या ओसरीपर्यंत ऐकू आलं. माय नवी ज्वारी निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला.

दादा आला आणि ओसरीच्या कडेवर टेकला. त्यानं वहाणासुद्धा काढल्या नाहीत. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसला.

माय म्हणाली, “जातो म्हणतोस.”

“व्हय.”

“काहून?”

दादा अंगणाकडे बघत म्हणाला, “तुझा दाणा चुन्याच्या गाडग्यात पडला, माय. मी तिथंच उभा होतो. टाकलास आन् माझ्याकडं पाहून हसलीस.”

“हसले. त्याला काढून टाकला म्हणून हसले.”

“कोणाला?”

“त्या खड्याला! निरोप धाडला होता की मी. भेटला न्हाई का?”

“भेटला. गावानं निवडलं न्हाई, मीबी न्हाई. त्या म्हाताऱ्यानं दोनदा म्हणून दाखवलं.”

“मंग बराबर सांगितलं की त्यानं,” माय म्हणाली.

दादानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघून मायच्या ध्यानात आलं. तेव्हाच माझ्याही. मायची नजर मंद झाली होती. तिनं सुपात चाचपून एक खडा शोधला, दादाच्या डोळ्यांपुढे धरला आणि अंगणात फेकला. “ह्याला निवडलं म्हणतात. तू ऱ्हायला होतास, लेकरा. तुला कुणी हात लावला न्हाई.”

दादा रडला. एवढा मोठा माणूस, गळ्यात झेंडूचा हार, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मला त्याची दया आली आणि रागही आला, दोघांचाही. माय तर कडाडलीच. “एवढी उर्दू शिकलास, आन् मायला एक शब्द विचारायला जीभ झडली होती का?” बोलता बोलता तिनंच पदर डोळ्यांना लावला, कारण विचारलं तर तिनंही नव्हतं. धनगराच्या तोंडी तिनं हुकूम धाडला होता.

दादानं तोंड पुसलं. सुपातल्या ज्वारीत हात घातला आणि दाणे बोटांतून खाली सोडत राहिला.

“म्हंजी मी सुपातच होतो.”

“व्हय.”

“सुपातलं मागून जात्यातच जातं, माय.”

“जाऊ दे की,” माय म्हणाली. “जात्यात गेल्याबिगर गावाला भाकर कुठून मिळंल?”

पारावर माणसं अजून बसून होती. दादानं तिकडे एकदा पाहिलं. मग वहाणा काढल्या, कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या आणि घरात आला.