पेडण्याच्या भजन संस्थेला सर्व्हर किती?

“एकच आहे, तो बिघडला तर?” या एका प्रश्नानं मी पंधरा दिवस धड झोपले नव्हते. नवरा म्हणाला, “आपल्या सईला ताप आला तेव्हाही एवढी घाबरली नव्हतीस.” घाबरले होते, त्याला कळलं नव्हतं इतकंच. पण आमच्या संस्थेत कुठलाही प्रश्न पंधरा दिवस टिकला की त्याचे किस्से होतात. ते जमवावे लागत नाहीत. मीटिंग बोलावली की पुरे.

संस्था पेडण्यातली, भजनाची. गावोगावच्या जुन्या बुवांच्या कॅसेट आम्ही कॉम्प्युटरवर उतरवल्यात. ज्या एका डब्यात हे सगळं आहे आणि जिथून लोक फोनवर ऐकतात, तो आमचा सर्व्हर. सांभाळते मी. मांद्र्याच्या पार्वतीकाकी मात्र फोनवर ऐकत नाहीत. दर गुरुवारी ऑफिसात येतात, हेडफोन लावतात आणि आपल्या गेलेल्या नवऱ्यानं, बुवांनी, गायलेला एकच अभंग ऐकतात. त्यांच्या कॅसेटला बुरशी आली होती. उतरवून घेतली आणि तुटलीच. आता तो आवाज जगात फक्त आमच्या डब्यात. सांगा, झोप कशी लागणार?

*

मी मीटिंगमध्ये दुसरा सर्व्हर मागितला. अध्यक्ष सगुणबाब म्हणाले, “आसा तो चलता मगे? मग दुसरो कित्याक?”

आमच्या सेक्रेटरी उषाबाई, निवृत्त शिक्षिका, हळूच म्हणाल्या, “डिचोलीच्या मंडळाकडे तीन आहेत म्हणे.”

“तीन? मग आमका चार व्हये.”

उषाबाई आणि मी डिचोलीला बघायला गेलो. खरंच तीन डबे, तिघांवर भरतकामाचं कव्हर. मी कव्हरं उचलली. एक सर्व्हर, एक स्टॅबिलायझर, एक इन्व्हर्टर.

तिथले चिटणीस अभिमानानं म्हणाले, “तिन्ही चोवीस तास चालू असतात, मॅडम.”

*

मला दोनाचा एवढा ध्यास का, तेही सांगून टाकते. सईचा एक कापडी ससा आहे. त्याच्याशिवाय ती झोपत नाही. तो हरवला तर, या भीतीनं मी हुबेहूब तसाच दुसरा घेऊन हळर्णला माझ्या आईच्या कपाटात ठेवला. सईला पत्ता नाही. एकूण ससे दोन. निदान मी सगळ्यांना दोनच सांगते.

*

मीटिंगमध्ये मतं फुटली तेव्हा सगुणबाबांनी तोडगा काढला. “देवाक कौल लावया.” म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली तर होकार.

आम्ही देवळात गेलो. भटजींनी पाकळ्या लावल्या. सगुणबाबांनी हात जोडून विचारलं, “सर्व्हर एक, दोन की चार?”

भटजींनी पाकळ्या परत काढून ताटात ठेवल्या. “सगुणबाब, देवाक होय-नाय विचारतत. गणित घालतत नाय.”

*

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून गाडीपर्यंत सगळ्याची पूजा होते. सगुणबाबांनी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचा हा एवढा हार घातला. नेमका गुरुवार. थोड्या वेळानं पार्वतीकाकींनी हेडफोन काढला.

“बाय, आवाज गेलो.”

मी डब्याकडे धावले. सर्व्हर तापून बंद पडला होता. त्याच्या पंख्यानं अर्धा हार आत ओढला होता. भुवया कोरायचा चिमटा पर्समध्ये होता, त्यानं मी एकेक पाकळी उपसत बसले. काकी शेजारी, डोळे मिटून, ओठांत तोच अभंग. जणू डबा सुरू होईपर्यंत तो अभंग त्याच धरून ठेवत होत्या. डबा पुन्हा सुरू झाला. हेडफोनमध्ये बुवा खाकरले. काकींनी डोळे उघडलेच नाहीत, फक्त माझा हात दाबला.

सगुणबाब जमिनीवरच्या पाकळ्यांकडे बघत होते. “खयच्या बाजून पडल्यो?”

“उजव्या,” मी म्हटलं. डब्याचा पंखा उजवीकडेच आहे.

त्यांनी हात जोडले. “झालो कौल. दुसरो घेया.”

*

आता तो ठेवायचा कुठे? सगुणबाबांनी जागा काढून ठेवली होती: पहिल्याच्या डोक्यावर. “एकामेकांका सोबत.”

मी म्हटलं, “अहो, पाणी गळलं तर दोघेही जातील. दुसरा उषाबाईंच्या घरी ठेवू.”

“नजरेआड ठेवलेलो तो खरो कसो गो?”

वाद रंगात आला आणि दारात माझी आई, हळर्णहून सईला घेऊन. सईनं दोन ससे टेबलावर मांडले. पिशवीतला वेळेवर सापडेना म्हणून आईनं कपाटातला दिला होता. मग पिशवीतला सापडला. मी खाली बघत बसले.

सगुणबाब सशांवर वाकले. “सई, ह्यातलो खरो खयचो?”

सईनं दोघांना नीट पाहिलं. “हरवलो नाय तो.”

मग कोपऱ्यातून पार्वतीकाकी म्हणाल्या, “सगुणबाब, दुसरो लांब ठेवा.” ठराव पास. मला इतका आनंद झाला की मी उभी राहून भाषणच केलं. म्हटलं, दोन पुरेत. दोनाच्या वर जाणं म्हणजे नुसती घबराट, आणि संस्था काही घबराटीवर चालत नाही.

सईनं माझी ओढणी ओढली.

“आई, तिसरो खय ठेवलंस?”