दिगूचं स्टूल

दिगू गेल्याचा निरोप घाटकोपरला, आमच्या बिल्डिंगखालच्या वाण्याच्या फोनवर आला. मी तिथेच उभा राहून वाण्याला कुणाची तरी नक्कल करून दाखवत होतो. रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं, खाली ठेवला. वाणी अजून हसत होता. त्याला नकलेचा शेवट हवा होता... तो राहिलाच. आता महिना होत आला.

मुलुंडच्या एका पंपांच्या कारखान्यात आम्ही दोघं बरोबरच चिकटलो. मी स्टोअर्समध्ये, तो कामगार खात्यात. साठ सालानंतर कधीतरी मॅनेजमेंटला हुक्की आली की फोरमन लोकांना ‘लीडरशिप’ शिकवायची. परदेशातून पुस्तकं आली, तक्ते आले आणि शिकवायला दिगूला उभं केलं. वर्ग जेवणानंतर. तक्त्यावरचा गोरा मॅनेजर हसून बोट दाखवतोय आणि समोर आमचे फोरमन गाढ झोपलेत. दिगूने तक्ते गुंडाळले आणि मला बोलावणं धाडलं, कारण कारखान्याच्या गणपतीतल्या नाटकात खलनायक कायम मीच असे.

वर्गात त्याने एक खुर्ची आणि एक लाकडी स्टूल मांडलं. खुर्चीत साहेब, स्टुलावर कामगार. नियम एकच. स्टुलावरच्याने बोलायचं, खुर्चीतल्याने ऐकायचं आणि मग त्याचं म्हणणं त्यालाच सांगून दाखवायचं. त्याने ‘बरोबर’ म्हणून मान डोलावली, तरच साहेबाने स्वतःचं बोलायचं.

मी रोज उशिरा येणारा कामगार झालो. खुर्चीत फाउंड्रीचे सावंत फोरमन, मूळचे मालवणचे, आवाज भट्टीच्या वर. मुलीचा ताप, नळाचं पाणी, दवाखान्यातली रांग, मी सगळं रंगवून सांगितलं, टॉवेलने डोळेही पुसले. सावंत म्हणाले, “म्हणजे तू म्हणतंस, तू कामचोर.” मी नाही म्हणून मान हलवली. “मग तुझी बायल कामचोर.” वर्ग हसून लोळला. दिगू हसला नाही. “सावंत, पुन्हा,” एवढंच म्हणाला. असं बराच वेळ चाललं. मग सावंतांचा आवाज एकदम खाली आला. “चेडू आजारी आसा... आणि रजा मागूक तुका माझी भीती वाटता.”

मी मान डोलावली. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढे मॅनेजमेंटची हुक्की उतरली, वर्ग बंद झाला. दिगूने फक्त ते स्टूल मागून घेतलं आणि स्वतः खांद्यावर टाकून घरी नेलं. गेटवरच्या वॉचमनला वाटलं, नोकरी सोडून हा न्हाव्याचं दुकान टाकतोय.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पोटात कॅन्सर निघाला. शेवटच्या भेटीला गेलो तर गडी पलंगावर नव्हता. भिंतीला पाठ टेकून स्टुलावर बसला होता, समोर रिकामी खुर्ची. मी बसता बसता किस्सा काढला. त्याने हात वर केला. “वश्या, स्टुलावर कोण बसलंय?”

मी किस्सा अर्धाच सोडला. तो सावकाश, थांबत थांबत बोलला. डॉक्टर बरं होईल म्हणतात, मुलगा काश्मीरला नेईन म्हणतो. बायकोशी, सुधाशी काही बोलायला जावं, तर ती लगेच औषधाची बाटली शोधायला लागते... मग माझ्याकडे बघत राहिला. आता पाळी माझी.

“तू म्हणतोस, घरात बसून कंटाळा आलाय.”

त्याने मान हलवली. नाही.

“मग, डॉक्टर बदलायला हवा.”

“वश्या, पुन्हा.”

पल्लेदार भाषणं एका दमात म्हणणारा मी, पण एक वाक्य तोंडातून निघेना. खिडकीकडे बघत शेवटी म्हणालो, “तू म्हणतोस, तू मरणार आहेस... तुला भीती वाटते आणि कुणी ते ऐकून घेत नाही.”

दिगूने मान डोलावली. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मग म्हणाला, “हं, सांग आता तुझा किस्सा.” आणि शेवटपर्यंत ऐकून हसला.

परवा मुलुंडला, दिगूच्या घरी गेलो होतो. सुधावहिनींनी खुर्ची माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः स्टूल ओढून बसल्या. कधी कुठली गोळी दिली, कधी पेज जात नव्हती, किती बाटल्या आणल्या, सगळं सांगत राहिल्या. त्या थांबल्यावर मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही म्हणताय, तो बोलायला लागला की तुम्ही बाटली शोधायचात... कारण भीती तुम्हालाही वाटत होती.”

वहिनींनी मान डोलावली. मग पदर तोंडाला लावून तशाच बसून राहिल्या... दिगूच्या स्टुलावर.