दोन्हीकडे हजार-हजार

चौसाळ्यात घराच्या ओट्यावर माझं मशीन आहे. साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. पूर्वी बाया रुमालाची गाठ सोडून पैसे द्यायच्या, आता आल्या आल्या विचारतात, "ताई, स्कॅनर हाय का?" स्कॅनर होता, पण ह्यांचा. हे टेम्पो चालवतात. मी मान मोडून ब्लाऊज शिवायचा आणि त्याचे पैसे टेम्पोच्या टाकीत जायचे. बोलायला गेलं की म्हणायचे, "घरातच गेले ना?" पोरीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचं होतं. तिच्या प्रवेशासाठी मी गव्हाच्या डब्यात चाळीस हजार साठवले होते. डिझेलला त्यांचा सुगावा लागायच्या आत मला माझ्या एकटीच्या नावाचं खातं हवं होतं.

खातं कुठे काढायचं, याची घरात चर्चा झालीच नाही. माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पतसंस्थेचे एजंट होते. आमच्या घरात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. दाजी जेवायला बसले की पंखासुद्धा त्यांच्याकडे वळवतात, बाकीचे घाम पुसत जेवतात.

"दाजी असताना सरकारी ब्यांकेत कावून जायचं?" हे म्हणाले. "आक्काला काय वाटंल?"

त्यात पतसंस्थेचं व्याज जास्त, आत एसी, बसायला गुबगुबीत खुर्च्या. बँकेत पासबुक छापायचं मशीन कायम बंद आणि रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर आलेली.

माझी आई माठ घ्यायला गेली की कुंभाराने कितीही वाजवून दाखवला तरी पैसे द्यायची नाही. माठात पाणी भरायला लावायची आणि तिथेच बसून राहायची. बुडाखाली ओल दिसली नाही, की मग कनवटीला हात. मी तेच करायचं ठरवलं. दोन्हीकडे खातं काढलं, दोन्हीकडे हजार-हजार टाकले, आणि आठ दिवसांनी दोन्हीकडून पाचशे परत मागायचे असं मनाशी पक्कं केलं. चाळीस हजार तोवर गव्हातच राहू दिले.

पतसंस्थेत हजार भरताना गार पाणी आलं, बिस्किटांसकट चहा आला, "वैनी, घरचंच समजा" झालं. बँकेतल्या कॅशियरबाईंनी मान वर न करता माझी स्लिप परत सरकवली. नाव चुकीच्या जागी लिहिलं होतं. दुसऱ्या स्लिपवर तारीख राहिली. तिसरी भरेपर्यंत माझी कानशिलं तापली होती. घरी येऊन मी बँकेच्या नावाने बोटं मोडली आणि हे खूश झाले.

आठ दिवसांनी आधी बँकेत गेले. त्याच बाईंनी तशीच मान खाली ठेवून सही ताडून पाहिली, पाचशेची नोट सरकवली आणि म्हणाल्या, "पुढचे." घेताना जितकं तोंड वाकडं होतं, तितकंच देताना होतं.

मग पतसंस्थेत. चहा आला, चहा संपला, पैसे आले नाहीत.

"सायेब बीडला गेलेत. आन् काढता कावून वैनी? व्याज वाढू द्या की."

दुसऱ्या दिवशी गेले तरी साहेब बीडलाच. त्या दिवशी दिवेलागणीला दाजी स्वतः घरी आले. "पाचशेसाठी तुमी कशाला हेलपाटे घालता? आनलेत मी," म्हणाले आणि शर्टच्या वरच्या खिशातून पैसे काढले. एक दोनशेची, एक शंभराची, बाकी पन्नास आणि विसाच्या चुरगळलेल्या नोटा. सही नाही, पावती नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी त्या दोनदा मोजल्या. ते पैसे संस्थेचे नव्हतेच. माणूस स्वतःच्या खिशातून संस्थेची अब्रू झाकत होता. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. ज्यांच्याकडे माझे पाचशे नाहीत, त्यांच्याकडे मी पोरीची फी ठेवायला निघाले होते.

सकाळी उठून चाळीस हजार बँकेत भरले. दीड तास रांगेत उभी राहिले आणि एकदाही कुरकुरले नाही. हे चार दिवस बोलले नाहीत. तेवढाच घरात निवांतपणा.

पाटोद्याला जाऊन नणंदेलाही सांगितलं. त्यांनी घरावर स्लॅब टाकायचे पैसे त्याच संस्थेत ठेवले होते.

"आक्का, दाजींनी मला खिशातून दिले. तुमचे काढून घ्या."

"माज्या मालकाला लबाड म्हनतीस व्हय?" आक्का उठून आत गेल्या. त्या वर्षी भाऊबीजेला आमच्याकडे आल्या नाहीत. मला फार लागलं. दिवाळीनंतर दाजींनी एजंटी सोडल्याचं ह्यांच्याकडून कळलं, पण स्लॅबच्या पैशांचं विचारायला मला तोंड राहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात एका सकाळी पतसंस्थेचं शटर उघडलं नाही. दुपारपर्यंत बाजारातली माणसं तिथे गोळा झाली. आमच्या गल्लीतले फळवाले चाचा पासबुक हातात धरून पायरीवर बसले होते. मी घरी येऊन माझं बँकेचं पासबुक उघडलं. पोरीचे पैसे होते तिथेच होते. इतकं हलकं वाटलं की रडू आलं, आणि चाचा डोळ्यांसमोर आले तशी त्या हलकेपणाची लाजही वाटली. मग आक्कांचा स्लॅब आठवला आणि पुन्हा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी आक्का ओट्यासमोर उभ्या. हातात ब्लाऊजपीस.

"आक्का, तुमचे पैसे?"

"काडले कवाच." त्या ओट्यावर टेकल्या. "तू गेल्यावर रोज ह्यांचे खिसे बगितले. रोज कुनाला ना कुनाला पदरचे देत हुते. मंग भांडून काडायला लावले. एजंटी बी सोडायला लावली. ह्यांनी लोकांला बी सांगितलं, निम्म्यांनी ऐकलंच न्हाई."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुजं खरं निगालं म्हनून?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मी आत जाऊन गव्हाच्या डब्यातून पुडी काढली. दाजींच्या त्या चुरगळलेल्या नोटा मी खर्चल्याच नव्हत्या. त्या आक्कांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या बघितल्या, परत माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी मूठ मिटवली.

"पोरीच्या फीत घाल. ह्या पाचशेनं माजा स्लॅब वाचवला."

सकाळी मी ते भरायला बँकेत गेले. रांग रस्त्यापर्यंत होती. माझा नंबर आला तेव्हा कॅशियरबाईंनी मान वर न करता स्लिप परत सरकवली.

"तारीख राहिली."

मला त्यांचा जरासुद्धा राग आला नाही. बाजूला होऊन मी तारीख लिहिली.