तक्ता क्रमांक तीन पाहा

उदगीरच्या स्टेशनावर हैदराबादची गाडी यायला अवकाश होता, तरी आमच्या वस्तीतली अकरा माणसं प्लॅटफॉर्मवर येऊन उभी होती. विमान मला पुढं हैदराबादला धरायचं होतं, पण त्यांच्या हिशेबानं मी इथूनच इंग्लंडला निघाले होते. आईनं सगळ्यांना हात जोडायला लावून त्रिशरण म्हटलं. आईला वाचता येत नाही. विहारात ऐकून ऐकून सगळी वंदना तिला पाठ झालेली आहे. बाबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करतात. त्या दिवशी खाडा करून आले होते. गाडी दिसल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तिथले सर-म्याडम सांगतील ते पाठ करायचं. उलट बोलायचं न्हाई. तू बोलाया न्हाई चाललीस, शिकाया चाललीस."

मी "हाव" म्हटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शिकणं म्हणजे काय ते मला नक्की ठाऊक आहे, असं मला त्या वेळी वाटत होतं.

कारण मी लातूरला शिकलेली. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून दहावी झाल्यावर अकरावी-बारावीला लातूरला गेले. एका खोलीत आम्ही चौघी, मेसचा डबा, आणि दर रविवारी टेस्ट. जीवशास्त्राच्या सरांच्या नोट्समधला एक शब्द इकडचा तिकडं झाला तरी अर्धा मार्क जायचा. एकदा मी व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर सर म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा तू शहाणी हायेस का?" सगळा वर्ग हसला. पुन्हा मी तसं केलं नाही. लातूरला मी कमी लेखत नाही. त्या पाठांतरानंच मी नांदेडला बी.एस्सी. केलं, सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळवली. आमच्याकडं पुस्तकांचं कपाट नव्हतं. डोक्यात राहील तेवढंच आपलं.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात मी सार्वजनिक आरोग्य शिकायला आले. पहिले दोन महिने मी फार कमी बोलले. हॉस्टेलच्या किचनमध्ये सहाजणांत माझा एक शेल्फ होता, त्यावर आईनं दिलेलं काळं तिखट आणि जवसाची चटणी. सेमिनारला शिकवणाऱ्या मॅडम आत आल्या की मी उभी राहायचे आणि मग एकटीच उभी आहे हे बघून खाली बसायचे. सगळे त्यांना नावानं हाक मारत. मला ते जमलं नाही. मी मॅडमच म्हणत राहिले.

मग पहिला निबंध आला. खेड्यातल्या बायका आरोग्य केंद्रात का येत नाहीत, असा विषय. त्यावर मॅडमनी स्वतः लिहिलेलं एक प्रकरण वाचायला दिलं होतं. मी नऊ दिवसांत ते तोंडपाठ केलं आणि पुस्तक न उघडता एका बैठकीत लिहून काढलं. स्वल्पविरामासकट. मला मनापासून वाटलं, मॅडमना आनंद होईल. त्यांचं इतकं कुणी मन लावून वाचलं नसेल.

आठवड्याभरानं मेल आला. कॉपी केल्याचा संशय आहे, समितीपुढं हजर राहा. आरोप सिद्ध झाला तर नाव काढून टाकता येतं, हेही खाली लिहिलेलं होतं. म्हणजे शिष्यवृत्तीही गेली. म्हणजे उदगीरच्या त्याच प्लॅटफॉर्मवर उतरायचं, कपाळावर चोर लिहून घेऊन.

विद्यार्थ्यांना सल्ला द्यायला तिथं एक बाई असतात. त्या चांगल्या होत्या. त्यांनी मला एक फॉर्म दाखवला आणि म्हणाल्या, "इथं सही कर. फसवणूक केली, माफी मागते, पुन्हा होणार नाही. पहिलीच वेळ आहे, सोडून देतील. सगळ्यात सोपा मार्ग हाच."

मी बाबांना फोन केला. मागं पोती उतरवायचा गलका चालला होता.

"सही कर आन मोकळी हो," बाबा म्हणाले. "मोठ्या माणसांच्या तोंडी लागून आपलं कधी भलं झालंय का?"

"बाबा, म्या चोरी केली न्हाई."

"मला म्हाईत न्हाई व्हय? पण त्यांना कोण सांगंल?"

"मी सांगते."

बाबांनी फोन ठेवला. त्यांचं न ऐकण्याची माझी ती पहिली वेळ. फॉर्म मी कोराच परत दिला.

समितीत तिघं होते आणि बाजूला मॅडम. अध्यक्ष पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. पुस्तक न बघता तीन पानं शब्दाला शब्द जुळतात कशी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पाठ आहे. तुम्ही कुठूनही सुरू करा." मॅडमनी प्रकरण मधूनच उघडून एक ओळ वाचली. पुढची मी म्हणायला लागले. एक पान झालं, दुसरं सुरू झालं. मध्ये "तक्ता क्रमांक तीन पाहा" आलं, तेही मी म्हटलं. अध्यक्षांनी माझा निबंध चाळला. त्यातही तसंच लिहिलेलं होतं, आणि माझ्या निबंधात एकही तक्ता नव्हता. एकजण हसला. कॉपी करणारा माणूस निदान एवढं तरी गाळतो, असं काहीतरी तो म्हणाला.

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "आत्ता जे म्हटलंस, ते तुला पटतं का?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी शेवटचं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. जाणीव नसल्यामुळं खेड्यातल्या बायका आरोग्य केंद्रात येत नाहीत, असं ते वाक्य होतं. ते मी नऊ दिवस घोकलं होतं. त्या बायकांत माझी आई होती, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कॉपीच्या आरोपानं वाटली नव्हती एवढी लाज मला त्या वाक्याची वाटली.

"नाही पटत," मी म्हणाले. "आमच्या बायकांना सगळं माहीत असतं. आमच्या गावच्या दवाखान्यात आमच्या वस्तीला सगळ्यांच्या शेवटी बोलवतात. म्हणून त्या जात नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "हे एका गावाचं झालं."

"तुमच्या प्रकरणात तेही नाही," मी म्हणाले.

निकाल आला. फसवण्याचा हेतू नव्हता. नाव न देता दुसऱ्याचे शब्द वापरले, ही चूक मात्र खरी, आणि ती मला मान्य आहे. निबंध पुन्हा लिहायचा, काठावर पास होण्याइतकेच मार्क मिळणार. मी बाबांना कळवलं.

"उलट बोललीस?"

"बोलले."

मग बाबा म्हणाले, "ऐकून घेतलं का त्यांनी?"

"घेतलं."

"मंग ऱ्हाऊ दे."

नव्या निबंधासाठी मी आईला फोन लावला. धाकटा भाऊ पोटात असताना तू दवाखान्यात का गेली नाहीस, असं विचारलं.

"आता इचारायलीस व्हय?" आई म्हणाली. "बावीस वर्सांत एकदा तरी इचारायचं की!" मग तिनं सांगितलं. दोनदा गेली होती. दोन्ही वेळा पायरीखाली उन्हात उभं राहावं लागलं. तिसऱ्यांदा गेली नाही. तारीख तिला आठवत नव्हती, पण तेव्हा नेसलेलं लुगडं आठवत होतं.

इथं लोक विचारतात, घर आठवतं का? आठवतं. पण जिथं मी सगळी वर्षं पाठ फिरवून पुस्तकं घोकत बसले, त्या घराला मला आता विचारावंसं वाटतं. दर रविवारी मी आईला एक तरी प्रश्न विचारते. तुमच्यातलं जे कुणी लातूरच्या खोल्यांतून निघून इकडं यायच्या तयारीत असेल, त्यानं पाठांतर जरूर घेऊन यावं. ते आपलं आहे, त्याची लाज धरू नये. फक्त पाठ केलेल्या वाक्यात आपलं माणूस कुठं आहे, ते एकदा बघावं.

निबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी द्यावी लागते. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचाही संदर्भ देता येतो, तसा नियमच आहे. मॅडम म्हणाल्या, तुझ्या आईला गावात त्रास नको, नाव लपवलेलं बरं. मी आईला तसं सांगितलं.

"लपवाया म्या काय केलंय?" आई म्हणाली. "नुसतं 'एक बाई' लिहू नको. नाव घाल. पुरं घाल."

यादी आडनावांप्रमाणं लावली. दोन प्राध्यापकांच्या मध्ये आईचं नाव आलं. पुरं घातलं.