गोलपोस्टमधली मुलगी

दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस वस्तीत, कृत्रिम गवताच्या टर्फवर माझी मुलगी फुटबॉल शिकते. तिचा कोच ब्राझीलचा. तरुणपणी तो इथल्याच एका क्लबकडून खेळायला आला आणि गुडघा गेल्यावर इथेच राहिला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही; सगळे त्याला कोचच म्हणतात.

प्रॅक्टिसआधी तो बूट काढून एका गोलपोस्टपासून दुसऱ्यापर्यंत अनवाणी चालतो. तळपाय भाजले तर टर्फवर पाणी मारायला लावतो आणि पुन्हा चालून बघितल्याशिवाय मुलींना आत सोडत नाही.

एकदा त्याने माझ्या मुलीला गोलकीपरचे ग्लव्ह्ज दिले. मला वाटलं, पळायला जमत नाही म्हणून पोरीला बाजूला टाकलं. मी तावातावाने त्याच्याकडे गेलो. "कोच, माझी मुलगी गोल कधी मारणार?"

तो वाकून बॉल गोळा करत होता. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हबीबी, मी वीस वर्षं गोल मारले. समोर कोण उभं असलं की मारणारा घाबरतो, ते मला ठाऊक आहे. म्हणून तिला तिथे उभं केलंय."

पुढच्या शनिवारी मॅच होती. मी पहिल्यांदाच आमच्या गोलपोस्टच्या मागे जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी रत्नागिरीहून अम्मीचा फोन आला. "पोरीने किती गोल केले?"

"अम्मी, तिने एकही होऊ दिला नाही."