कोणी पाठवलं?

डोंबिवलीत दवाखाना टाकला त्या दिवाळीला लॅबचा माणूस चांदीची निरांजनं घेऊन आला. मी त्याला आल्या पावली परत पाठवलं. पेशंट पाठवायचे आणि बदल्यात कट घ्यायचा, हे आम्हा डॉक्टरांच्या नियमात बसत नाही. नियम नसता तरी माझं डोकं फिरलंच असतं.

पण पेशंटला हे कसं पटवायचं? केमिकल कंपनीतून रिटायर झालेले एक काका कितीतरी वर्षं माझ्याकडे येतात. त्यांना रक्त तपासून घ्यायला सांगितलं.

"कुठे करू?"

"घराजवळ कुठेही करा."

त्यांचा चेहरा उतरला. "कुठेही काय? तुम्ही सांगाल तिथेच जाणार ना मी!"

"काका, काउंटरवर विचारतील, कोणी पाठवलं? माझं नाव सांगितलंत की माझ्यासाठी पाकीट येणार, आणि ते तुमच्याच बिलातून. म्हणून सांगायचं, कोणी नाही, मीच आलो."

दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन आले, ते तोंड पाडूनच. मी म्हटलं, "अहो, रिपोर्ट छान आहे. आता काय झालं?"

"सांगितलं तुम्ही म्हणालात तसं. पण डॉक्टर, तुम्ही असताना 'कोणी नाही' म्हणायला फार जिवावर आलं हो."